नामपूरला म्हटलंस ते म्हण

घोटीतलं एक जुनं मंडप-लाऊडस्पीकरचं दुकान बंद झालं, तेव्हा तिथल्या कॅसेटी भंगारात निघाल्या होत्या. छाया मंडलिकच्या मामेभावाने त्या एका खोक्यात कोंबल्या आणि तांदळाच्या पोत्याबरोबर नाशिकला आणून तिच्यापुढे आदळल्या.

"घे तुझा कचरा," तो म्हणाला. "अख्ख्या घोटीत तुझ्याशिवाय कोणाला नको होता."

छाया अंबडच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात होती. घर मखमलाबादच्या रस्त्याला, शेवंतीच्या आणि गुलाबाच्या वावरात. तिशी ओलांडली होती, लग्नाचं बोलणं घरात आता कोणी काढत नसे. कामावरून आली की ती मागच्या खोलीत कॉम्प्युटरला टेपरेकॉर्डर जोडून बसायची. बुरशी आलेल्या कॅसेटी कापसाने पुसायची, तुटलेली फीत जोडायची आणि त्यात काही ऐकण्यासारखं असलं तर इंटरनेटवर एका ग्रुपला पाठवायची.

ग्रुपचं नाव ‘अडगळीतली गाणी’. कोणी बडोद्याचे, कोणी सोलापूरचे, दोघं-तिघं अमेरिकेतले. एकाला काही सापडलं की त्याने चढवायचं, बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं, आणि मग आठवडाभर त्यावर वाद घालायचे. ग्रुप चालवणारे यादवकाका भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं एकच असे : गाणं फाटकंतुटकं चालेल, माहिती खोटी चालणार नाही. एकाने स्वतःच्या बायकोचं गाणं जुन्या तबकडीवरचं म्हणून खपवलं होतं. त्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं, आणि तो कोण होता हे अजूनही लोक नावानिशी सांगायचे.

घोटीच्या खोक्यात एका कॅसेटवर काहीच लिहिलेलं नव्हतं. छायाने ती लावली. आधी नुसती खरखर, मग माणसांची कुजबुज, कोणाचं तरी खोकणं. एक पुरुष हसत म्हणाला, "नामपूरला म्हटलंस ते म्हण, नवसा." ढोलकीवर थाप पडली आणि एक बाई गायला लागली.

*घागर गेली तळाला, सख्या, दोर हाती राहिला,*
*पाणी नाही, घागर नाही, दोर हाती राहिला.*

आवाज कोवळा नव्हता आणि शिकलेलाही नव्हता. पण ‘दोर हाती’वर ती अशी थांबायची की ऐकणाऱ्याचा हात आपोआप पुढे जावा. छायाने ते गाणं लागोपाठ किती वेळा ऐकलं ते तिलाच कळलं नाही. जेवायला हाका मारून आई कंटाळली.

गाणं चढवल्यावर ग्रुपमध्ये धुमाकूळ झाला. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने लिहिलं की त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन ते ऐकलं. कोणी म्हणालं तमाशाच्या फडातली बाई असणार, कोणी म्हणालं सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या आसपासचं असावं. ही नवसा कोण, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि ज्ञानेशला ते सहन होणं शक्य नव्हतं.

ज्ञानेश पुण्याचा, चाळिशीचा, ग्रुपमधला सगळ्यात तिखट कानाचा माणूस. छायाला ऐकायला शिकवलं ते त्यानेच. तीनेक वर्षं दोघं फोनवर बोलत होते, भेट कधीच झाली नव्हती. घरी तिच्याशी गाण्यावर बोलणारं कोणी नव्हतं. ज्ञानेशशी बोलताना मात्र तासभर कुठे जाई ते समजत नसे.

"छाया, हे तू आयुष्यात एकदाच सापडणारं शोधलंयस," तो फोनवर म्हणाला. "मी हिला शोधून काढणार. निदान तिचं नाव तरी पूर्ण कळलं पाहिजे."

छायालाही तेच हवं होतं. म्हणून पुढच्या आठवड्यात एका अनोळखी मुलीची मेल आली, तेव्हा ती खूश झाली. मेलमध्ये एवढंच होतं : *तुम्ही नाशिकच्या आहात ना? त्या गाण्याबद्दल भेटायचं आहे. कोणाला सांगू नका.*

कॉलेज रोडवरच्या एका रसवंतीत ती भेटली. सायली नाव, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. रसाचा ग्लास तिने हातही न लावता बाजूला सारला.

"ताई, ते गाणं काढून टाका."

"का?"

"ती माझी आई आहे."

छायाला पहिल्या क्षणी आनंदच झाला. तिने सायलीचा हात धरला. "आहेत त्या? अजून गातात?"

"गात नाही. कधीच नाही." सायलीने हात सोडवून घेतला. "कांदे निवडताना गुणगुणते, कोणी आलं की गप्प होते. रूममेटने ते गाणं लावलं आणि मी ओळखलं. माझे पप्पा दोन वर्षांपूर्वी नाशिकला दवाखान्यात होते. तेव्हा आईने मला सगळं सांगितलं. ती फडात होती, ताई. आमच्या नामपूरच्या जत्रेत फड आला, पप्पांनी तिला बघितलं आणि लग्न करून घरी आणलं. गावात सांगितलं की शेतकऱ्याची मुलगी आहे, मागे कोणी उरलं नाही. माझ्या भावालासुद्धा माहीत नाही."

"पण त्यात लाज वाटण्यासारखं—"

"तुमच्यासाठी नाही," सायली म्हणाली. आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. ती पुढे झुकली. "रविवारी मालेगावकडचे पाहुणे येतायत. माझं ठरवायला. मुलगा मला आवडलाय. त्याच्या घरी चपलेचा आवाज झाला तरी चौकशी होते. वाल्मीकदादा तापट आहे. त्याला हे बाहेरच्या माणसाकडून कळलं तर तो आईशी कसं वागेल, मला सांगता येत नाही."

छायाने त्याच संध्याकाळी गाणं काढून टाकलं. पण तोवर ते किती जणांच्या कॉम्प्युटरवर गेलं होतं याची तिला कल्पना होती. अर्ध्या तासात ज्ञानेशचा फोन आलाच.

"काढलंस का ते?"

"परवानगी नव्हती, दादा."

"कोणाची परवानगी? भंगारातल्या कॅसेटला?" तो हसला. "असू दे, माझ्याकडे आहे. ऐक, मी रविवारी नामपूरला निघालोय. गाडी ठरवलीय, कॅमेरावाला बरोबर आहे. त्या जत्रेत गाणं ऐकलेली चार माणसं तरी सापडतीलच की."

"नका जाऊ."

"का?"

"असंच. कोणाचं तरी घर असतं, संसार असतो. आपण असं जाऊन—"

ज्ञानेशने हळूच विचारलं, "म्हणजे ती आहे? नामपुरातच आहे?"

छायाला बोलता येईना. आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. नाही म्हणायला हवं होतं, हसून म्हणायला हवं होतं, आणि तो क्षण निघून गेला.

"कळलं मला," ज्ञानेश म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने थरथरत होता. "अगं, तिचं नाव मी मानाने घेणार आहे. तिला कळू दे ना, जगभरची माणसं तिच्यासाठी वेडी झालीयत. तिच्यापासून हे लपवायचा हक्क तुला कोणी दिला?"

"आणि तिला नको असेल तर?"

"तिला विचारलंयस तू?"

तो चुकीचं बोलत नव्हता, हाच त्रास होता. नवसाबाईंना कोणीच काही विचारलं नव्हतं. ना त्याने, ना तिने, ना सायलीने.

रविवारी सकाळी, त्याच्या आधी नामपूरला पोहोचायचं म्हणून, ती नाशिकच्या द्वारका चौकात उभी राहिली. मालेगाव, धुळे, शिरपूर करत कंडक्टर ओरडत होते. सटाण्याची गाडी आली ती भरून. पिंपळगावपर्यंत तिला उभंच राहावं लागलं. सोग्रस फाट्यावरून गाडी देवळ्याकडे वळल्यावर ती पुन्हा पुन्हा फोन काढून बघत होती. सायलीला लावला तर लागत नव्हता. देवळ्याच्या पुढे रेंज आली आणि लगेच फोन वाजला.

"छाया, मी सटाण्यात पोहोचलोय," ज्ञानेश म्हणाला. "नाश्ता झाला की निघतो. तू कुठे आहेस? हा कसला आवाज, गाडीत आहेस का?"

"बाजारात," ती म्हणाली आणि फोन बंद केला. तिची एसटी सटाण्याला पोहोचायलाच अजून वेळ होता. तिथून पुढे नामपूरची गाडी मिळेपर्यंत तो तिथे पोहोचणार हे उघड होतं. सटाण्याच्या स्टॅंडवर उतरल्याबरोबर ती सरळ रस्त्यावर आली आणि नामपूरकडे चाललेल्या कांद्याच्या एका रिकाम्या पिकअपला हात केला. ड्रायव्हरच्या शेजारी त्याची बायको होती, म्हणून तिला धीर आला. वाटेत एक पांढरी गाडी मागून भरधाव पुढे गेली, तेव्हा छायाने ओढणी तोंडावर घेतली. त्यातला माणूस ज्ञानेश होता की नाही हे तिला ओळखता येणार नव्हतंच. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

विचारत विचारत गेल्यावर सायलीचं घर बाजार समितीच्या मागच्या गल्लीत सापडलं. दारात पाहुण्यांची जीप. ओट्यावर पांढऱ्या शर्टातला एक धिप्पाड तरुण पाण्याचे ग्लास भरत होता. त्याने छायाकडे रोखून पाहिलं.

"कोण पाहिजे?"

"सायली. मी कॉलेजातून आलेय."

"आज? रविवारी?"

आतून सायली धावत आली. चेहरा पांढराफटक पडला होता, अंगावर जरीची साडी. "दादा, आमच्या मॅडम आहेत. मीच बोलावलंय." आणि तिने छायाला दंडाला धरून बाजूच्या बोळातून मागच्या दारी नेलं.

"ताई, इथं कशाला आलात?"

"तो येतोय. कदाचित आलाही असेल. तुझ्या आईला आत्ता सांगावं लागेल."

मागच्या पडवीत एक बाई पुरणाला चटका देत बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, केस अजून बरेचसे काळे. तिने वर पाहिलं. बोली तिची निम्मी अहिराणी होती, निम्मी मराठी.

"कोन शे व माय, सायली?"

छाया खाली बसली आणि शक्य तितक्या थोड्या शब्दांत सगळं सांगून मोकळी झाली : घोटीची कॅसेट, तिच्यावरचं गाणं, ते कुठे कुठे गेलं, आणि गाडी घेऊन येणारा माणूस. नवसाबाईंच्या हातातलं उलथनं मधेच थांबलं होतं. पुरण तळाला लागल्याचा वास यायला लागला तशी सायलीने गॅस बंद केला.

"घोटी," नवसाबाई म्हणाल्या. "तो मंडपवाला. लय हसायचा मेला." मग त्यांनी विचारलं, "लोक ऐकतस का ते?"

"हो. रोज ऐकतात. परदेशातसुद्धा."

"चांगलं म्हनतस?"

"मावशी, मी तसं गाणं दुसरं ऐकलेलं नाही."

नवसाबाईंनी पदराने चेहऱ्यावरचा घाम पुसला. समोरच्या खोलीतून पाहुण्यांचं हसणं ऐकू आलं, वाल्मीकचा "घ्या ना, अजून घ्या" असा आग्रह ऐकू आला.

"आणि तो मानूस काय करनार?"

"तुम्हाला भेटणार. फोटो काढणार. नाव छापणार. तो वाईट नाही, मावशी. त्याला तुमचं कौतुकच आहे."

"माले दखीसन, मला बघून, काय करतीन?" त्या म्हणाल्या. "गानं त्यासनाकडे शे ना? ते फिरू द्या. मला नका फिरवू. मी फिरले तेवढं पुरे झालं."

त्या वाक्यात चीड नव्हती, रडणं नव्हतं. छाया काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून ढोलकी ऐकू आली.

सायलीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. गाडीतल्या मोठ्या स्पीकरवरून आवाज सगळ्या गल्लीत भरला. *घागर गेली तळाला, सख्या...* नवसाबाई भिंतीला हात लावून उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. आपलाच आवाज त्या इतक्या वर्षांनी ऐकत होत्या. त्यांचे ओठ किंचित हलले, मग त्यांनी ते घट्ट मिटले.

"जा," त्या छायाला म्हणाल्या. "इकडे येऊ देऊ नको."

छाया बोळातून बाहेर आली तर वाल्मीक आणि पाहुण्यांपैकी वडीलधारे गृहस्थ तिच्या पुढेच चालले होते. चौकात चहाच्या टपरीपाशी पांढरी गाडी उभी होती, चारही दारं सताड उघडी. चष्मा लावलेला, लेंगा-झब्ब्यातला एक माणूस बाकावरच्या म्हाताऱ्यांसमोर उकिडवा बसला होता. बाजूला कॅमेरा खांद्यावर घेतलेला इसम. रविवार म्हणून बाजार बंद, त्यामुळे निम्मं गाव टपरीवर.

गाणं संपलं. ज्ञानेशने आत वाकून आवाज बंद केला.

"बाबा, तीसेक वर्षांपूर्वी तुमच्या जत्रेत हे गाणं झालंय. नवसा नावाची बाई. आठवतं का कोणाला? ती इथेच आसपास राहते असं मला कळलंय."

वाल्मीक जागीच थांबला. नवसा हे नाव गावात एकाच बाईचं होतं. छायाने त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान ताठ झाली होती, हाताची मूठ वळली होती, आणि चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. ती ओळ तो आयुष्यभर स्वयंपाकघरातून ऐकत आला होता.

बाकावरचा सगळ्यात म्हातारा माणूस भिकनबाबा. जत्रेची वर्गणी त्याने पुष्कळ वर्षं गोळा केलेली. त्याने काठीवर हनुवटी टेकवून पूर्ण गाणं ऐकलं होतं. आता कॅमेरा त्याच्याकडे वळला. त्याचे ओले डोळे सगळ्यांना दिसत होते.

"बाबा, ओळखलंत ना तुम्ही?" ज्ञानेश पुढे सरकला.

भिकनबाबाने समोर पाहिलं. त्याला वाल्मीक दिसला, वाल्मीकच्या शेजारचे परगावचे पाहुणे दिसले. त्याने उपरण्याने डोळे पुसले.

"धूर गया डोळामा," तो म्हणाला. "जत्रामा लय बाया येत. हाई कोन, काय ठाऊक. आमना गावनी नही शे."

"नक्की?"

"नही शे," दुसरा म्हातारा म्हणाला.

"फडवाल्या त्या. आज इथं, उद्या तिथं," तिसऱ्याने जोड दिली. टपरीवाला मान खाली घालून कप विसळत राहिला.

ज्ञानेशने सगळ्यांवरून नजर फिरवली. लोक काहीतरी दडवतायत हे त्याला कळत होतं. आणि मग त्याची नजर छायावर पडली. शहरी कपडे, खांद्याला पर्स, धुळीने भरलेले केस.

"छाया?" तो म्हणाला.

तिला नाही म्हणता आलं असतं. पण तोंडून "दादा" निघून गेलं आणि आवाज त्याने ओळखला.

"तू इथं काय करतेयस? म्हणजे तुला घर माहीत आहे." तो तिच्याजवळ आला. आवाज खाली आणला, पण चौक इतका शांत होता की शब्द न् शब्द ऐकू जात होता. "सांग मला. तीन वर्षांत मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवलेली नाही. कुठे आहे ती?"

वाल्मीक छायाकडे बघत होता. कॉलेजातल्या मॅडम म्हणून आलेली ही बाई कोण, हे आता त्यालाही कळलं होतं. पाहुणे एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होते. छायाला वाटलं, आपण आता नुसतं गप्प बसलो तरी सगळं संपेल. मागच्या वेळी गप्प बसण्यानेच घात केला होता.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "ते गाणं माझ्या मावशीचं आहे. घोटीच्या. ती वारली."

"काय बोलतेस?"

"ते ‘नामपूरला म्हटलंस’ वगैरे मी नंतर घातलं. कॉम्प्युटरवर. दुसऱ्या कॅसेटवरचा एक माणूस इथं जोडला आणि खरखर वाढवली. नुसतं मावशीचं गाणं म्हणून पाठवलं असतं तर कोणी ऐकलं असतं?"

"म्हणजे बनावट आहे?"

"हो."

"मग नामपूरला जाऊ नका म्हणालीस—"

"तुम्ही इथं आलात की खोटं उघडं पडणार होतं, म्हणून. आज तेच सांगायला आले."

ज्ञानेश तिच्याकडे बघत राहिला. त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. तो चिडला असता तर छायाला सोपं गेलं असतं.

"मी ते माझ्या आईला ऐकवलं होतं," तो म्हणाला. "ती आजारी आहे. रोज लावायला सांगते." मग तो कॅमेरावाल्याकडे वळला. "चला. आटपा." गाडीत बसताना त्याने एवढंच म्हटलं, "यादवकाकांना मला सांगावं लागेल."

"सांगा," छाया म्हणाली.

गाडी वळून सटाण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत चौकात कोणी हललं नाही. पाहुण्यांनी घसा साफ केला. "काही म्हणा, मावशीचा गळा गोड होता हो," ते छायाला म्हणाले आणि घराकडे वळले. वाल्मीक त्यांच्याबरोबर गेला नाही. तो भिकनबाबाच्या बाकापुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, तुम्ही ओळखलं होतं."

भिकनबाबा काठीने मातीत रेघ ओढत राहिला. "तुझ्या बापाने तिला बैलगाडीतून आणली, त्या दिवशी आम्ही सगळे इथंच बसलेलो होतो. जत्रेत पुढं बसून गाणं ऐकलेली माणसं आम्ही. ओळखनार नाही का? पण तो म्हणाला, ही माझी बायको. झालं. विषय संपला."

"सगळ्यांना माहीत होतं? इतकी वर्षं?"

"तुझ्याशिवाय," एक म्हातारा म्हणाला.

वाल्मीकने पाहुण्यांना जेवू घातलं, मागणी पक्की झाली, नारळ दिले गेले. त्यात तो चुकला नाही. छायाला निघता येईना, कारण ‘मॅडम’ जेवल्याशिवाय कशा जाणार. जीप गेल्यावर मात्र तो तडक मागच्या पडवीत आला. सायली मधे उभी राहिली. त्याने तिला बाजूला सारलं.

नवसाबाई भांडी आवरत होत्या.

"मला का नाही सांगितलं?" त्याचा आवाज फाटला. "गावातल्या कुत्र्याला माहीत होतं. मी तेवढा येडा."

"सांगितलं असतं तर तू शाळेतून रोज डोकं फोडून आला असता," नवसाबाई म्हणाल्या. "एवढ्याशा गोष्टीवरून मारामाऱ्या करायचास. तुझा बाप म्हणायचा, मोठा झाला की सांगू. मग तो गेला. मला एकटीला नाही जमलं, पोरा."

वाल्मीकने दाराच्या चौकटीवर हात आपटला. आवाजाने सायली दचकली. तो बाहेर गेला आणि ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवशी तो आईशी पुन्हा बोलला नाही. चार-पाच दिवस बोलला नाही, असं सायलीने नंतर फोनवर सांगितलं. मग एकदा जेवताना त्याने खाली बघतच विचारलं, फडात तुम्ही किती जणी होता. तिथून हळूहळू बोलणं सुरू झालं.

यादवकाकांची मेल दोनच दिवसांत आली. ग्रुपवर सगळ्यांना लिहिलेली. ‘दोर हाती राहिला’ हे ध्वनिमुद्रण बनावट असून ते कोणी ठेवू नये; छाया मंडलिक यांचं सभासदत्व रद्द करण्यात येत आहे. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं, ते तिचं नाव ग्रुपमधून निघण्याआधी छायाने वाचलं. अमेरिकेतल्या डॉक्टरने लिहिलं होतं की त्याला लाज वाटते. एकाने लिहिलं की मला खरखर ऐकूनच शंका आली होती. तिला लिहावंसं वाटलं की खरखर खरी आहे, त्यातलं प्रत्येक खोकणं खरं आहे. बोटं कीबोर्डवर होती. तिने कॉम्प्युटर बंद केला. गाणं फिरू द्या, असं ती बाई म्हणाली होती, आणि आपण ते गाणंच मारून आलो, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

बरेच महिने तिने कुठली कॅसेट लावली नाही. संध्याकाळी वडिलांबरोबर वावरात जायची, शेवंतीच्या जुड्या बांधायची. आईला वाटलं, पोरगी सुधारली.

दिवाळीच्या आधी, फुलांची घाई असताना, ज्ञानेशचा फोन आला. तिने उचलू की नको करत उचलला.

"आई गेली," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात."

"दादा..."

"शेवटपर्यंत ते गाणं लावायला सांगायची. बनावट आहे म्हटलं, तर म्हणाली, असू दे, लाव." तो थांबला. "म्हणून मलाही ते रोज ऐकावं लागलं. आणि ऐकता ऐकता एक दिवस लक्षात आलं. तो पुरुष बोलतो तेव्हा मागे ती बाई हसते. त्याच श्वासात ती गाणं उचलते. मधे जोड कुठेच नाही, छाया. असं जोडता येत नाही. तू खोटं बोललीस."

छाया वावराच्या बांधावर बसली.

"हो," ती म्हणाली.

"मी सुरुवातीचं वाक्य कापलं. नाव नाही, गाव नाही. काल ग्रुपवर पुन्हा चढवलंय, गायिका अज्ञात म्हणून. यादवकाकांना सांगितलं की मला सोलापूरला वेगळ्या कॅसेटवर हे मिळालं, तुझ्या मावशीचा काही संबंध नाही."

"म्हणजे तुम्हीसुद्धा—"

"हो. पण तुला परत घ्या असं मला म्हणता आलं नाही. मग सगळंच सांगावं लागलं असतं."

"नका म्हणू," छाया म्हणाली.

"मी विचारणार नाही कुठे आहे ते," ज्ञानेश म्हणाला. "फक्त एवढं सांग. बरी आहे?"

"बऱ्या आहेत," छाया म्हणाली. "मुलीचं लग्न झालं त्यांच्या. परवाच फोन होता."